फाटकावरच्या माणसाला शिकवणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांतील सुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरते : कॅमेरे किती आणि रक्षक किती. एखादी घटना घडते, दोन दिवस ठळक मथळे येतात, विद्यार्थी संघटना प्राचार्यांना किंवा कुलसचिवांना निवेदने देतात आणि संस्था आणखी कॅमेरे बसवण्याची घोषणा करून मोकळी होते. नेमलेल्या रक्षकांना काय येते, ते त्यांना कोणी शिकवले आणि शेवटचे कधी शिकवले, हे मात्र कोणी विचारत नाही. पुण्यातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे अध्यापन केले, काही काळ वसतिगृहाचा रेक्टर होतो आणि सुरक्षासेवेच्या निविदा उघडणाऱ्या समितीवरही बसलो. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. धोरणांची आपल्याकडे वानवा नाही. वानवा आहे ती धोरण रात्री दोन वाजता ज्याने अमलात आणायचे त्या माणसाच्या प्रशिक्षणाची, आणि आपण ज्या पद्धतीने सुरक्षेचे कंत्राट देतो त्या पद्धतीतच तिचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

कागदोपत्री आपण किती सज्ज आहोत ते आधी पाहावे. रॅगिंगला मनाई करणारा कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याविषयीचे विनियम २००९ मध्ये देशभर लागू केले. २०१३ मध्ये आयोगाच्याच कृतिगटाने आवारातील महिलांच्या सुरक्षेवरचा ‘सक्षम’ हा अहवाल दिला, २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आवारातील व आवाराबाहेरील सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि त्याच वर्षीचे लैंगिक छळ प्रतिबंधाचे विनियम पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. आगीच्या बाबतीत राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. हे कागद बहुतेक महाविद्यालयांच्या कार्यालयात फायलीला लावलेले असतात आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेची समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांवरची धूळ झटकली जाते. सुरक्षेच्या सुविधांचा पुरावा म्हणून मग कॅमेऱ्यांची छायाचित्रे, फाटकावर सावधान उभ्या असलेल्या रक्षकाचे छायाचित्र आणि एखाद्या स्वसंरक्षण शिबिराचा अहवाल जोडला जातो. त्या छायाचित्रातल्या माणसाला अग्निशामक नळकांडे चालवता येते का, असे विचारणारी समिती निदान माझ्या पाहण्यात आलेली नाही.

२०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही माणसापेक्षा भिंतीवर भर अधिक आहे. सहज चढून जाता येणार नाही इतकी उंच भिंत, तिच्यावर काटेरी तारांची वेटोळी, वसतिगृहात बायोमेट्रिक हजेरी, प्रवेशद्वारांवर पहारा असा त्यांचा रोख आहे. पुणेकराला त्यातली अडचण लगेच कळेल. फर्ग्युसनच्या पाठीशी टेकडी आहे, विधी महाविद्यालयाची टेकडी तर त्याच नावाने ओळखली जाते, आणि गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या चारशे एकरांहून मोठ्या आवारात पहाटे फिरायला जाणे हा कित्येक घरांतला पिढीजात परिपाठ आहे. अशा आवारांना तुरुंगासारखी भिंत घालता येत नाही, आणि माझ्या मते घालूही नये. पण आवार मोकळे ठेवायचे, तर तिथे उभ्या असलेल्या माणसाला कोणाला अडवायचे, कोणाला नुसते हटकायचे, कोणाकडे दुर्लक्ष करायचे आणि कोणत्या क्षणी ११२ हा क्रमांक फिरवायचा, याची समज असावी लागते. ही समज गणवेशाबरोबर मिळत नाही.

ती शिकवण्याची तरतूद कायद्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणाऱ्या केंद्राच्या २००५ च्या कायद्यानुसार विहित प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय कोणालाही रक्षक म्हणून नेमता येत नाही. त्या कायद्याखालच्या आदर्श नियमांत हे प्रशिक्षण किमान २० कामाच्या दिवसांत मिळून वर्गातले १०० तास आणि प्रत्यक्ष कामाचे ६० तास असे सांगितले आहे. माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी ते ४० आणि १६ तासांचे आहे. विषयही नेमके दिलेले आहेत : आग विझवणे, गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्रांची तपासणी, प्रथमोपचार, आपत्तीच्या वेळचे वर्तन, स्फोटक वस्तू ओळखणे, गुन्हा नोंदवण्याची प्रक्रिया. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटानंतर यातला शेवटून दुसरा विषय पुण्यात तरी कोणाला अनावश्यक वाटू नये. हे १६० तास खरोखर झाले असते, तर या पत्राचे कारण उरले नसते.

ते का होत नाहीत, याचे उत्तर निविदेच्या तुलनात्मक तक्त्यात सापडते. रक्षकाचे किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांच्या रकमा ठरलेल्या असल्यामुळे त्या रकान्यांत सर्व ठेकेदारांचे आकडे जवळपास सारखेच असतात. फरक पडतो तो सेवाशुल्काच्या एकाच रकान्यात, आणि काम मिळवण्यासाठी तिथे अगदी नगण्य टक्केवारी लिहिणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. त्या टक्केवारीत गणवेश, पर्यवेक्षक, कार्यालयाचा खर्च आणि नफा हे सगळे बसवायचे असते. प्रशिक्षणासाठी रक्षकाला कामावरून मोकळा करायचा, त्या दिवसांचा पगार द्यायचा आणि त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवायचा, तर पैसा आणायचा कोठून? तरीही सर्वात कमी दर म्हणून ती निविदा मंजूर होते, कारण लेखापरीक्षकाला दुसरे उत्तर पटवणे अवघड असते. सोबत जोडलेल्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांकडे एकदा मी जरा बारकाईने पाहिले. सगळ्यांवर एकच तारीख होती आणि सगळ्यांवर एकाच पेनाची, एकाच वळणाची सही होती; फक्त नावाची जागा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत भरलेली होती. मी शंका काढली तेव्हा समितीतील एका सदस्यांनी ‘कागद पूर्ण आहेत ना, मग पुढे चला’ असे सांगितले. नियमाने त्यांचे चुकले असे म्हणता येत नव्हते.

यानंतर प्रत्यक्षात फाटकावर उभा राहतो तो मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या गावाहून आलेला, बारा तासांची ड्युटी करणारा, पुष्कळदा जोडीदार न आल्यामुळे डबल ड्युटीवर थांबलेला माणूस. पेरणीच्या दिवसांत तो गावी जातो, किंवा दुसऱ्या ठिकाणी चार पैसे जास्त मिळाले की काम सोडतो, आणि ठेकेदार बदली माणूस पाठवतो. बदली माणसाला विजेची मुख्य कळ कोठे आहे, गच्चीच्या जिन्याची किल्ली कोणाकडे असते, रात्री रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येऊ शकते, यातले काहीही माहीत नसते, आणि १०८ वर फोन केल्यावर पलीकडून नेमक्या याच गोष्टी विचारल्या जातात. त्याला माहीत असते ते फक्त रजिस्टर. आमच्या वसतिगृहाचे ते रजिस्टर मी एकदा सवडीने चाळले होते. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात पहिल्या ओळीत ‘पर्सनल’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली पानाच्या तळापर्यंत, पुढच्या पानावरही, नुसती अवतरणचिन्हे होती. दूरध्वनीच्या रकान्यातले काही क्रमांक नऊच आकडी होते. त्या रक्षकाला दोष देण्यात अर्थ नव्हता. वही भरलेली दिसली पाहिजे, एवढेच त्याला सांगण्यात आले होते आणि वही भरलेली होती.

सर्वाधिक काळजी मला आगीची वाटते, कारण तिथे चोरीपासूनची सुरक्षा आणि जिवाची सुरक्षा एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात. लॅपटॉप आणि मोबाइल चोरीला जातात म्हणून वसतिगृहाच्या मागच्या जिन्याला लोखंडी जाळीचे दार लावले जाते, त्याला कुलूप घातले जाते, आणि किल्ली रेक्टरच्या कार्यालयातील खणात जाते, जे कार्यालय संध्याकाळी सहानंतर बंद असते. चोरीच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख आहे. मध्यरात्री पहिल्या मजल्यावरच्या वायरिंगने पेट घेतला आणि मुख्य जिना धुराने भरला, तर हीच व्यवस्था जीवघेणी ठरते. कुंभकोणम येथील शाळेच्या २००४ च्या आगीत ९४ मुले गेली. २०१९ मध्ये सुरतमधील शिकवणी वर्गाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावरून उड्या टाकणारी मुले साऱ्या देशाने चित्रफितीत पाहिली, आणि त्या आगीत २२ जीव गेले. राज्याच्या अधिनियमानुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा सादर करावे लागते. ते पुष्कळ ठिकाणी होतही असेल; परंतु ते यंत्रणेचे प्रमाणपत्र आहे, माणसांचे नाही. एका सकाळी मी आमच्या रक्षकाला भिंतीवरचे अग्निशामक नळकांडे काढून दाखवण्यास सांगितले. त्याने ते उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि पिन ओढण्याऐवजी पिनेसकट दांडी दाबण्याचा प्रयत्न करत राहिला. दहा मिनिटांत त्याला सगळे समजले आणि नंतर त्याने स्वतः होऊन शिपायांनाही ते शिकवले. मग ती दहा मिनिटे आधी कोणीच का दिली नव्हती, हा प्रश्न ठेकेदाराइतकाच आम्हा प्राध्यापकांनाही लागू होतो.

गर्दीचा विषय त्याच जातीचा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा पुण्यात गॅदरिंगचा हंगाम. नामवंत गायक किंवा बँड येणार असला की बाहेरच्या महाविद्यालयांची मुलेही लोटतात, आणि फाटकावर पास पाहण्याचे काम त्याच दोन रक्षकांकडे असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोची विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात महोत्सवाच्या संगीत कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेर थांबलेला जमाव खुल्या सभागृहात घुसला आणि उतरत्या पायऱ्यांवर झालेल्या चेंगराचेंगरीत चौघांचा मृत्यू झाला. तिथे कोणी हल्लेखोर नव्हता आणि कोणाचा वाईट हेतूही नव्हता. दार किती उघडायचे, रांग कोठे वळवायची, आत जागा संपली हे बाहेरच्यांना कोणी आणि कसे सांगायचे, याची आखणी कार्यक्रमाआधी करून तिची रंगीत तालीम घेणे, एवढ्यावर अशी संकटे पुष्कळशी टळतात. आपल्याकडे तालीम नाटकाची होते, नृत्याची होते. दारांची होत नाही.

विद्यार्थिनींच्या सुरक्षेबद्दल मात्र थोडे वेगळे बोलायला हवे. तिथे रक्षक कमी पडतो तो ज्ञानात जितका, तितकाच नजरेत. रात्री साडेनऊला प्रयोगशाळेतून परतणाऱ्या मुलीला ‘एवढा उशीर? घरी माहीत आहे का?’ असे विचारणारा रक्षक त्याच वेळी तिच्या मागून आत शिरणाऱ्या अनोळखी दुचाकीस्वाराला काहीही विचारत नाही, हे चित्र अनेक विद्यार्थिनींनी मला सांगितले आहे. आयोगाचे २०१५ चे विनियम या बाबतीत स्पष्ट आहेत : सुरक्षेची सबब पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत, रक्षकांत स्त्रियांचे योग्य प्रमाण हवे आणि लिंगभाव संवेदनशीलतेचे प्रशिक्षण ही रक्षकाच्या नेमणुकीचीच अट असली पाहिजे. पुण्यातील किती महाविद्यालयांच्या सुरक्षा कंत्राटांत ही अट लिहिलेली आहे, हे त्या त्या प्राचार्यांनी स्वतःच एकदा तपासावे. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचे नामफलक भिंतीवर लागले आहेत, पण तक्रार घेऊन आलेल्या मुलीशी रात्री पहिल्यांदा बोलणारा माणूस फाटकावरचाच असतो, आणि त्या समितीच्या अध्यक्षांचा दूरध्वनी त्याच्याकडे नसतो.

कंत्राटी रक्षक ‘आपला कर्मचारी’ नाही, या समजुतीतून आणखी एक गोष्ट निसटते. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले आणि सर्व अध्यापक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे व धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण देण्याचा आदेश दिला. महाविद्यालय अशा कार्यशाळेला हजेरीपटावरच्या लोकांना बोलावणार, हे उघड आहे. समुपदेशक पाच वाजता घरी जातात. पहाटे तीन वाजता गच्चीकडे निघालेल्या मुलाला पाहणारा एकटाच माणूस मात्र हजेरीपटावर नसतो, म्हणून तो कार्यशाळेतही नसतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कंत्राटदारामार्फत आलेल्या व्यक्तीलाही कर्मचारी मानले आहे. प्रशिक्षणाच्या बाबतीत तोच अर्थ घेण्यास संस्थांना कोणाची हरकत असणार?

अर्थात सगळा भार रक्षकावर टाकणेही योग्य नाही. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत पेरू गेटजवळ भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला तेव्हा मध्ये पडले ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण. संकटात सर्वांत आधी पोहोचतो तो जवळचा विद्यार्थी, शिपाई किंवा प्रयोगशाळा सहायक. राष्ट्रीय सेवा योजनेची पथके जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात आहेत; त्यांच्या शिबिरांत वृक्षारोपणाबरोबर हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब कसा द्यावा हे शिकवणे मुळीच कठीण नाही. पेठांतल्या अभ्यासिका आणि खासगी वसतिगृहे तर कोणत्याही विद्यापीठाच्या कक्षेत येत नाहीत, आणि जुलै २०२४ मध्ये दिल्लीत तळघरातील ग्रंथालयात पाणी शिरून तीन परीक्षार्थी बुडाले त्यानंतरही त्यांचा वाली कोण हे ठरलेले नाही. पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

यावर प्राचार्य मंडळी खर्चाचा मुद्दा काढतील, आणि तो खोटा नाही. अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकेतर पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत, वेतनेतर अनुदानाची रड जुनीच आहे आणि रक्षकांचा पगार विद्यार्थ्यांच्या शुल्कातून द्यावा लागतो. परंतु हा खर्च प्रत्येकाने एकट्याने करण्याची गरज नाही. डेक्कन परिसरात फर्ग्युसन, बीएमसीसी हे वाणिज्य महाविद्यालय, गोखले संस्था आणि विधी महाविद्यालय या संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अशा शेजारी संस्थांनी प्रत्येक सत्राच्या आरंभी दोन दिवस एकाच मैदानावर सर्व रक्षकांचे आणि शिपायांचे एकत्र प्रशिक्षण घेतले, तर माणशी खर्च किरकोळ होईल. शिकवणाऱ्यांचीही शहरात कमतरता नाही. महापालिकेचे अग्निशमन दल आहे, यशदा या राज्य शासनाच्या प्रशिक्षण संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे केंद्र आहे आणि सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. निविदेत मात्र बदल करावाच लागेल : प्रशिक्षणाचे दोन दिवस पगारी असतील आणि त्यांचा खर्च स्वतंत्र रकान्यात दाखवला जाईल, हा रकाना सर्व ठेकेदारांसाठी सारखा असेल, म्हणजे तिथे दर कापून काम मिळवता येणार नाही, बदली माणूस आवाराची फेरी मारून मुख्य कळ, जिने व किल्ल्या पाहिल्याखेरीज एकटा ड्युटीवर उभा राहणार नाही. मला यातली पहिली अट सर्वांत महत्त्वाची वाटते. बिनपगारी प्रशिक्षणाला कोणी येत नाही, आणि बारा तास उभा राहिलेला माणूस त्यानंतर वर्गात बसून काही शिकेल ही अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

विद्यापीठाकडे याहून प्रभावी साधन आहे. संलग्नतेसाठी येणारी स्थानिक चौकशी समिती ग्रंथालयातील पुस्तके मोजते, वर्गखोल्यांचे चौरस फूट पाहते, प्राध्यापकांची मान्यतापत्रे तपासते. तिने जाता जाता फाटकावर थांबून ड्युटीवरच्या रक्षकाला नळकांडे चालवून दाखवण्यास आणि रात्री रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून येईल ते सांगण्यास सांगावे, आणि वसतिगृहाच्या मागच्या जिन्याचे दार आतून उघडून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे. त्याचा निष्कर्ष अहवालात लिहिला गेला आणि संलग्नतेशी जोडला गेला, तर जे परिपत्रकांनी झाले नाही ते एका वर्षात होईल.

दुसरी मागणी पारदर्शकतेची आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये लिहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीची हत्या झाली. कुलूप आपोआप लागणारी दारे विद्यार्थ्यांनी सोयीसाठी टेकू लावून उघडी ठेवली होती आणि मारेकरी तिथून आत गेला होता. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून १९९० मध्ये कायदा झाला आणि त्यानुसार तिथल्या विद्यापीठांना मागील तीन वर्षांतील आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी व सुरक्षा धोरण दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावे लागते. तिथले धोके वेगळे आहेत आणि त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलण्यात शहाणपणा नाही. पण आपल्याकडे प्रवेश घेताना पालकाला महाविद्यालयाचा निकाल, नॅकची श्रेणी आणि नोकऱ्यांचे आकडे मिळतात. मागील वर्षी वसतिगृहात किती घटना घडल्या, रात्रीची तालीम झाली का, रक्षकांपैकी किती जणांचे प्रशिक्षण झाले, हे कोठेही मिळत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांना ही माहिती दर जूनमध्ये, प्रवेश सुरू होण्यापूर्वी, संकेतस्थळावर देण्यास सांगावे आणि सुरुवात स्वतःच्या आवारातील वसतिगृहांपासून करावी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
कोथरूड, पुणे